पेट्रोलचा वास: कुठून येतो ते नंतर, केव्हा येतो ते आधी

एप्रिल उजाडला की या सदराकडे एसी आणि रेडिएटरच्या तक्रारी येतात. यंदा त्यांच्या जोडीला पेट्रोलच्या वासाची पत्रं आली आहेत, आणि त्यातली बहुतेक नुकत्याच घेतलेल्या सेकंडहँड स्पोर्ट्‌स कारची. म्हणून हा अंक एकाच विषयाला. सविस्तर पत्र पहिलं घेतलं आहे. त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागू पडेल.

प्रश्न: मार्चमध्ये पुण्याहून दोन आसनी, छत उघडणारी परदेशी बनावटीची गाडी घेतली. २०११ सालची, ४१,००० किलोमीटर चाललेली. नागपूरला आणल्यावर लक्षात आलं की टाकी फुल्ल केली की दोन दिवस केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो, मग आपोआप जातो. बोनेट उघडलं तर तिथे वास नाही. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही. एका वर्कशॉपने इंजेक्टर साफ करून दिले, दुसऱ्याने ‘स्पोर्ट्‌स कारला थोडा वास येतोच’ म्हणून परत पाठवलं. गाडी फ्लॅट स्कीमच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये असते. नेमकं काय तपासू? तोवर चालवू की नको? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो थांबू शकत नाही. गाडीखाली थेंब किंवा एखाद्या पाइपावर ओलसर चमक दिसली तर गाडी चालूच करायची नाही. फ्लॅटबेडवर चढवून न्यायची. ओल कुठेच नसून नुसता वास असेल, तर तपास होईपर्यंत टाकी अर्ध्याच्या खाली ठेवा आणि गाडी उघड्यावर लावा. तळमजल्यावरचं पार्किंग मात्र आजपासून बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवर पसरते आणि खोलगट जागी साचते. हवेत तिचं प्रमाण १.४ टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. आणि फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये ठिणगीची सोय भरपूर असते: पाणी चढवणाऱ्या मोटरचा स्टार्टर, चौकीदाराचा कूलर, कोणाच्या तरी ई-स्कूटरचा चार्जर. यातला स्टार्टर सगळ्यांत वाईट. नळ आला की पहाटे कोणीही येऊन तो दाबतो, आणि दाबताना आत ठिणगी पडतेच.

‘स्पोर्ट्‌स कारला वास येतोच’ हे मनावर घेऊ नका. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे इंजेक्टर पेट्रोल फवारतात) टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी व्यवस्था बंदिस्त असते. टाकीत तयार होणारी वाफसुद्धा कॅनिस्टर नावाच्या डब्यातल्या सक्रिय कोळशात साठवतात आणि इंजिन चालू असताना तिथून ओढून जाळतात. वास येतोय म्हणजे ही साखळी कुठेतरी उघडी पडली आहे. दिवा लागला नाही याचाही आधार घेऊ नका. टाकीची वाफगळती स्वतः तपासणारी यंत्रणा मुख्यतः अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत असते. इतरत्र विकलेल्या त्याच मॉडेलमध्ये ती बऱ्याचदा बसवलेलीच नसते.

आता पत्रातला सर्वांत मोठा पुरावा. वास टाकी फुल्ल असतानाच येतो आणि पातळी उतरली की जातो. म्हणजे दोष टाकीच्या वरच्या भागात आहे: भरणनळीचा रबरी होज, तिच्या शेजारची बारीक ब्रीदर नळी (भरताना हवा बाहेर सोडणारी), टाकीतल्या पंपाच्या फ्लँजचं (टाकीच्या तोंडावर बसणाऱ्या चकतीचं) सील, किंवा वाफेच्या नळ्या आणि कॅनिस्टर. इंजेक्टर साफ करण्यात पैसे वाया गेले ते यामुळेच. रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब पंप ठरवतो; टाकीत दहा लिटर आहेत की पन्नास, हे इंजेक्टरला कळतसुद्धा नाही. वास इंजेक्टरच्या बाजूचा असता तर तो रोज आला असता आणि बोनेटखाली आला असता. (मधे इंजिन असलेल्या गाड्यांत अर्थातच इंजिनाच्या कप्प्यात.)

वेळ आणि जागा यांचं हे नातं इतर वाचकांनीही लिहून ठेवावं. सकाळी थंड गाडी काढताना वास येतो आणि पाच मिनिटांनी नाहीसा होतो, तर थंडीत आकसलेली ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) किंवा सैल क्लिप शोधा. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास असतो तेव्हा हे हमखास दिसतं. लांबून येऊन इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी वास सुटतो, तर इंजिनाजवळचा दाबाखालचा जोड. एसी बाहेरची हवा घेत असतानाच येतो आणि आतली हवा फिरवायचं बटण दाबलं की थांबतो, तर उगम काचेखालच्या हवेच्या जाळीच्या आसपास, म्हणजे बहुधा बोनेटखाली. फक्त वळणावर येतो, तर भरणनळी. भरणाचं झाकण उजवीकडे असेल तर गाडी डावीकडे वळताना पेट्रोल उजवीकडे उसळून त्या नळीत चढतं.

टाकी कुठे आहे ते आधी पाहून घ्या, कारण स्पोर्ट्‌स कारमध्ये ती नेहमीच्या जागी असेलच असं नाही. पोर्श बॉक्स्टरमध्ये इंजिन आसनांच्या मागे आणि टाकी समोरच्या काचेच्या पुढे असते. भरणाचं तोंडही पुढच्या उजव्या फेंडरवर. माझदा एमएक्स-५ मध्ये टाकी आसनांच्या पाठीमागे, तर अलीकडच्या मस्टँगमध्ये मागच्या सीटखाली. छत उघडणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. वेगात असताना केबिनमधला दाब किंचित कमी होतो आणि डिकीच्या किंवा टाकीच्या कप्प्यातली हवा पाठीमागून आत ओढली जाते. म्हणून नाकाला वास डॅशबोर्डकडून आल्यासारखा वाटला तरी उगम मागे असू शकतो.

पाना हातात घेण्याआधी विकणाऱ्याला एक प्रश्न विचारा: टाकीतला पंप किंवा पेट्रोलच्या काट्याचा सेन्सर कधी बदलला होता का? पंपाच्या कामानंतर फ्लँजचं सील जुनंच बसवणं हे या तक्रारीचं नेहमीचं कारण आहे. सील पेट्रोलमध्ये राहून फुगतं. बाहेर काढलं की ते खाचेपेक्षा मोठं भरतं, मग दाबून बसवतात आणि एका जागी त्याची घडी पडते. ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तर गाडीच सांगेल. लॉक-रिंगच्या (फ्लँज दाबून धरणाऱ्या कड्याच्या) दातांवर छिन्नीचे ताजे चकचकीत घाव असतील, तर कोणीतरी आधी तिथे पोहोचलं आहे.

तपासाचा क्रम असा ठेवा. टाकी पाव होऊ द्या आणि वास पूर्ण गेला याची खात्री करा. मग पेट्रोल पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल (ऑटो-कट) तिथेच थांबा. ‘राउंड फिगर करून देऊ का?’ याला नाही म्हणायचं. एवढ्यानेच वास आला नाही, तर दोष निम्मा सापडला: इतके दिवस टाकी क्षमतेपलीकडे भरली जात होती. पेट्रोल दर अंशाला साधारण ०.०९५ टक्के फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल ६० लिटर भरलं आणि उन्हात ते १५ अंशांनी तापलं, तर सुमारे ८५० मिलिलिटर जास्तीची जागा लागते. टाकीत वर मोकळी जागा ठेवलेली असते ती याचसाठी. राउंड फिगरने तीच भरून टाकली तर पातळ पेट्रोल वाफेच्या नळीतून थेट कॅनिस्टरमध्ये जातं. कॅनिस्टर वाफेसाठी आहे. त्यात पेट्रोल शिरलं की कोळसा भिजतो आणि मग वाफ धरून ठेवत नाही.

ऑटो-कटला थांबूनही वास आला, तर सेमिनरी हिल्सच्या उतारावर किंवा कुठल्याही बऱ्यापैकी चढावर गाडी आधी तोंड वर करून आणि मग तोंड खाली करून प्रत्येकी अर्धा तास उभी ठेवा. काचा बंद, इंजिन बंद. भरणनळी आणि फ्लँज टाकीच्या वेगवेगळ्या टोकांना असतील तर दोन्ही वेळच्या वासात फरक पडतो. हुंगायला दुसरा माणूस घ्या. पेट्रोलच्या वासाला नाक काही मिनिटांतच सरावतं, आणि ज्याने सकाळपासून गाडी हुंगली आहे त्याला संध्याकाळी काहीच येत नाही.

यानंतर उघडायचं. उघड्या जागेत, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून. उजेडाला एलईडी टॉर्च, आणि ती गाडीजवळ येण्याआधीच चालू केलेली. तारेच्या बल्बचा हँडलॅम्प नको, तो फुटला तर तीच ठिणगी. बाजूला दोन किलोचं ड्राय पावडर अग्निशामक, पिन कशी काढायची हे माहीत असलेलं. कारपेट आणि पंपावरचं झाकण काढा, आणि लगेच कापडाने पुसू नका. तिथे धूळ असते, आणि ती धूळच तुमची साक्षीदार आहे. फ्लँजभोवती ती सगळीकडे राखाडी, कोरडी, फुंकर मारली तर उडणारी असेल, तर सील ठीक आहे. गळत असेल तर रिंगच्या एका बाजूला बोटभर रुंदीचा काळपट पट्टा दिसतो. तिथली धूळ चिकटून बसलेली असते आणि नखाने खरवडावी लागते. पेट्रोल उडून जातं, त्यातला जड अंश मागे राहतो. पट्टा सीलच्या घेराला धरून असेल तर सील. एका नळीच्या जोडापासून सुरू होऊन खाली ओघळलेला असेल तर तो क्विक-कनेक्टर, आणि मग सील बदलून काहीच होणार नाही. फ्लँजच्या प्लॅस्टिकला केसासारखी चीर गेलेलीही असते, बहुतेक वेळा नळीच्या मुळाशी. तिथे बोट फिरवून कळत नाही. नळी हलकेच वाकवून टॉर्च तिरकी धरा.

सील बदलताना टाकी पावपेक्षा कमी असावी. दाब आधी उतरवा: बॅटरीची तार तेवढ्यापुरती जोडून, पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा, ते स्वतःहून बंद पडेल, मग पुन्हा बॅटरीची तार काढा. हे इंजिन सुरू करणं ओल कुठेच दिसत नसेल तरच. धुळीचा पट्टा ओला लागला असेल तर इथून पुढे गाडी वर्कशॉपची. तरीही जोड उघडताना वर कापड धरा. लॉक-रिंग फिरवायला कंपनीचा पाना नसेल तर पितळी ठोंबा वापरा. लोखंडी छिन्नीने ठोकताना ठिणगी पडू शकते, आणि समोर उघडी टाकी आहे. नवीन सील त्या मॉडेलच्या पार्ट नंबरचंच हवं. ते टाकीच्या तोंडावर नीट बसवायचं, खाच कोरडी आणि स्वच्छ पुसायची, आणि फ्लँजवरची खूण टाकीवरच्या खुणेसमोर आणून सरळ खाली दाबायची. खूण चुकली तर काट्याचा फ्लोट टाकीच्या भिंतीला घासतो आणि पेट्रोलचा काटा खोटं सांगू लागतो. सिलिकॉनचा थर लावू नका. पेट्रोलने तो सुटतो आणि तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात.

फ्लँज कोरडा निघाला तर भरणनळीकडे वळा. चाकाच्या आतला प्लॅस्टिकचा लायनर काढला की ती बहुतेक गाड्यांत दिसते. होज मधे शाबूत दिसेल. चीर असते ती क्लिपखाली. म्हणून क्लिप सोडवून, होज थोडा सरकवून, वाकवून बघायचा. साध्या जुबली क्लिपच्या खाचा रबरात रुततात, चौदा-पंधरा वर्षांत रबर कडक होतं आणि त्याच खाचेवर तडकतं. बदलताना संपूर्ण काठाची, खाचा नसलेली फ्युएल-इंजेक्शन क्लिप घ्या. साध्या आकाराच्या बारीक नळ्यांसाठी मीटरवर मिळणारा होज चालतो, पण त्यावर छापलेलं वाचूनच घ्या. एसएई जे३० आर७ हा कमी दाबाचा, म्हणजे वाफेच्या आणि परतीच्या नळीला. पंपानंतरच्या दाबाच्या नळीला आर९. टाकीच्या आत बुडणाऱ्या नळीला आर१० शिवाय काही नाही, कारण बाकीच्यांचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहायला बनवलेलंच नसतं. हायड्रॉलिकचा होज दिसायला दणकट असतो म्हणून कोणी सुचवलं तर घेऊ नका. तो तेलासाठी आहे.

दोन्ही ठीक निघाले तर स्मोक टेस्ट. यंत्र टाकीच्या वाफेच्या बाजूला जोडतात आणि जेमतेम अर्धा पीएसआय दाबाने धूर सोडतात. चीर असेल तिथून धाग्यासारखा धूर निघतो. दोन गोष्टी आधी विचारा: दाब किती लावणार, आणि धूर कशाने ढकलणार. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा थेट टाकीत सोडणार असतील तर गाडी परत घेऊन या. पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळून दाब देणं म्हणजे स्फोटाचं मिश्रण स्वतः तयार करणं. यासाठी नायट्रोजन वापरतात.

तुमच्या वर्णनावरून आमचा कौल फ्लँजच्या सीलला, त्याखालोखाल भरणनळीला. काम झाल्यावर ऑटो-कटपर्यंत टाकी भरा, पंपावरचं झाकण अजून लावू नका, आणि गाडी एक पूर्ण दिवस उन्हात ठेवून तिथेच हुंगा. कारपेट त्यानंतर.

प्रश्न: गाडी घेऊन दोन महिने झाले. उन्हात बंद उभी असली का मागच्या चाकापाशी वास येते, चालू असली का येत नाही. मिस्त्री म्हणते का सील गेलं, पण कोणतं सील हे सांगत नाही. काहून होत असन? (एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर: सगळ्यांत स्वस्त सील आधी पाहा: टाकीच्या टोपीचं. टोपी उलटी करून रबर वाकवा. बारीक भेगा दिसल्या, किंवा रबर चपटं होऊन धातूच्या पातळीत आलं असेल, तर टोपीच बदला. टोपीला बांधलेली प्लॅस्टिकची दोरी रबराखाली अडकते आणि दोन मिलिमीटरची फट राहते. हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही. टोपी कट-कट आवाज होईपर्यंत फिरवायची, एक कट ऐकून सोडायची नाही. तोंडाच्या धातूच्या काठावर गंज किंवा खरचटा असेल तर नवीन टोपीही टिकणार नाही. मस्टँगसारख्या बिनटोपीच्या भरणात आतल्या झडपेच्या काठावर धूळ बसते. ती ओल्या कापडाने पुसा, फवारा मारू नका.

टोपी ठीक असूनही उन्हात वास येतो, तर कॅनिस्टर भरून वाहतोय. इंजिन चालू असताना वास न येण्याचं कारणही तेच: तेव्हा वाफ ओढली जाते. गाडी आठवड्यातून एकदा घराबाहेर काढून चौकातून परत आणत असाल तर कॅनिस्टरला रिकामं व्हायला वेळच मिळत नाही. पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप) इंजिन गरम झाल्यावर उघडतो. वर्धा रोडला अर्धा तास एकसारख्या वेगात नेऊन आणा, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात फरक पडतो का ते बघा. नाहीच पडला, तर कॅनिस्टर काढून हातात तोला. भिजलेला कॅनिस्टर चांगलाच जड लागतो, आणि हलवल्यावर आत दाणे खळखळत असतील तर तो फुटला आहे. तसं असेल तर पुढचा पर्ज व्हॉल्व्हही बदलावा लागेल, कारण कोळशाचे कण तिथे जाऊन अडकतात.

प्रश्न: पेट्रोल भरलं की पंपावरच गाडी लवकर सुरू होत नाही, ॲक्सिलरेटर दाबून सुरू करावी लागते आणि तेव्हा वास येतो. इतर वेळी एका झटक्यात सुरू. (एक वाचक, सदर)

उत्तर: पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. भरताना टाकीतली वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते, तिथून अडकलेल्या व्हॉल्व्हमधून इनटेकमध्ये. इंजिनाला हवेऐवजी वाफच मिळते आणि ते गुदमरतं. व्हॉल्व्ह काढून, वायर न जोडता, टाकीच्या बाजूने फुंकून बघा (ओढू नका). हवा आरपार गेली तर तो गेला. दोन बोल्ट, एक कनेक्टर, दोन नळ्या: अर्ध्या तासाचं काम. स्कॅनरवर पी-०४४१ किंवा मिश्रण जाड (पेट्रोल जास्त, हवा कमी) असल्याचा पी-०१७२ हा कोड दिसू शकतो. काही न दिसताही हा दोष असतो.

प्रश्न: आधीच्या मालकाने सायलेन्सर बदलून घेतला आहे, आवाज मस्त आहे. पण व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलं की, विशेषतः छत उघडं असताना, कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि डोळे चुरचुरतात. टाकी, पाइप सगळं कोरडं आहे. (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर: हा टाकीचा वास नाही, धुराचा आहे. आवाजासाठी सायलेन्सर बदलताना अनेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तिथे सरळ पाइप बसवतात. न जळलेलं पेट्रोल जाळण्याचं काम तोच करत होता. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा: मॅनिफोल्डनंतर (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांनंतर) फुगीर डबा दिसायला हवा. पाइपाला फक्त वेल्डिंगचे दोन सांधे दिसले तर उत्तर मिळालं.

दिसायला डबा आहे पण आत रिकामा, असंही करतात. त्यासाठी पीयूसीची चिठ्ठी वापरा, नुसता शिक्का नको. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. वाढवलेल्या आयडलवर लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे नेमकं) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. इंजिन पूर्ण गरम असताना हायड्रोकार्बन मर्यादेच्या कितीतरी वर आणि लॅम्डा मात्र १ च्या जवळ, तर कन्व्हर्टर नाही किंवा मेला आहे. लॅम्डाच ०.९० आला तर मिश्रण जाड आहे: रीमॅप (इंजिनाच्या संगणकात केलेला बदल), ऑक्सिजन सेन्सर, किंवा थेंब गाळणारा इंजेक्टर. तिथे कन्व्हर्टर नवीन घातला तरी तो जळून जाईल, म्हणून आधी मिश्रण.

वास येतोय तोवर छत लावून, काचा बंद करून, सिग्नलला आतली हवा फिरवत बसणं हा उपाय नाही. डिकीचं रबर किंवा मागच्या बंपरमागचा हवेचा पडदा फाटलेला असेल तर धूर आतच साचतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न: २००९ ची गाडी आहे. सगळे म्हणतात ई-२० पेट्रोलमुळे पाइप विरघळतात आणि वास येतो. खरं काय? (एक वाचक, कामठी रोड)

उत्तर: विरघळत नाहीत. पण निराधारही नाही. आपल्याकडे ई-२० ची (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची) विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता पंपावर सर्रास तेच मिळतं. २००९ च्या गाडीचे रबर त्यासाठी निवडलेले नव्हते. बऱ्याच युरोपीय गाड्यांना १० टक्क्यांपर्यंतची मुभा आहे, ती मॅन्युअलमध्ये किंवा भरणाच्या झाकणामागे लिहिलेली असते. इथेनॉलने साधं नायट्राइल रबर फुगतं आणि मऊ पडतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहून सुकली की तेच रबर आकसतं आणि तडकतं. शिवाय जुन्या होजच्या भिंतीतून इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जास्त झिरपतं. चीर कुठेच नसते, जोड कोरडे असतात, तरी होजला बाहेरून वास. कोरड्या कापडाने होज घट्ट पुसा आणि कापड दूर नेऊन हुंगा. वास आला तर तो होज बदलायचा.

एकाच वेळी बदलण्यासारखं: इंजेक्टरच्या ओ-रिंग, बारीक होज, फ्लँजचं सील, टोपी. ओ-रिंग व्हायटन या पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या घ्या. दुकानातल्या मिश्र डब्यातल्या काळ्या रिंग बहुधा नायट्राइलच्या असतात, आणि हिरव्या रिंग एसीच्या गॅससाठी असतात. मापात बसल्या म्हणून पेट्रोलला चालत नाहीत. बसवताना इंजिन ऑइलचा एक थेंब लावा, कोरडी रिंग रेलमध्ये ढकलताना कापली जाते. वरची रिंग गळली तर पेट्रोल बाहेर येतं. खालची गेली तर हवा आत शिरते आणि आयडल अस्थिर होतं. वास येत नाही.

प्रश्न: डिपस्टिकला (इंजिन ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येतो. टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर: थोडा वास या इंजिनांत येतो, विशेषतः रोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर: तेल तापत नाही, त्यात आलेलं पेट्रोल उडून जात नाही. वासापेक्षा पातळी मोजा. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, डिपस्टिकवर बारीक खूण करा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बघा. पातळी वाढली असेल तर तेल नाही, पेट्रोल वाढलंय. संशयित दोन: कॅमशाफ्टवर चालणाऱ्या उच्चदाब पंपाचं आतलं सील, आणि गळका इंजेक्टर. तेल आधी बदला, मग तपासा. पातळ झालेल्या तेलावर टर्बो चालवू नका.

प्रश्न: टाकीला खालून बारीक चीर आहे. एम-सील लावून चालेल का? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर: नाही. प्लॅस्टिकची टाकी ज्या पॉलिथिलीनची असते त्याला इपॉक्सी धरतच नाही; थर वाळतो आणि पापुद्र्यासारखा निघतो. पत्र्याच्या टाकीवर तो काही दिवस टिकतो, म्हणून लोकांना वाटतं सगळीकडे टिकेल. टाकी बदला. पत्र्याची टाकी ‘रिकामी करून’ वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोकादायक, कारण तिच्यात पेट्रोल नसतं, वाफ आणि हवा असते.

प्रश्न: गळती दुरुस्त झाली, पण कारपेटचा वास जात नाही. परफ्यूम, कापूर सगळं करून पाहिलं. (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: कापूर पेटवला नसावा अशी आशा आहे. परफ्यूमही काढून टाका. तो असेपर्यंत गळती खरंच थांबली की नाही हे तुम्हाला कळणार नाही.

वास कारपेटमध्ये नसतो, त्याखालच्या फोममध्ये असतो. वरून कितीही शाम्पू केलं तरी उपयोग नाही. आसनाचे चार बोल्ट काढून आसन बाहेर घ्या. त्याखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावण्याआधी इग्निशन बंद करून बॅटरीची तार काढा आणि दहा मिनिटं थांबा, नाहीतर नवीनच दिवा लागून बसेल. कारपेट उलटा. फोम अंगणात किंवा गच्चीवर, सावलीत नव्हे, तीन दिवस उन्हात टाका आणि रोज पालथा करा. मे महिन्यात नागपूरचं ऊन या एका कामाला तरी उपयोगी पडतं. भिजून कुस्करलेला फोम टाकून द्या. मोकळ्या पत्र्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या. व्हॅक्यूम क्लीनर या टप्प्यावर वापरायचा नाही: त्याच्या मोटरच्या ब्रशमधून ठिणग्या पडतात आणि हवा त्यांच्यावरूनच जाते.

फोम वाळल्यावर बंद पिशवीत एक तास ठेवून हुंगा. पिशवीत वास नसेल आणि गाडीत अजून येत असेल, तर पहिलं उत्तर पुन्हा वाचा.